औषध न लागणारं अंग

ताईच्या सासूबाईंचा औषधापेक्षा पथ्यावर भरवसा जास्त. नव्वदच्या दशकात ताईला गाठींचा कॅन्सर झाला तेव्हा मुंबईच्या इस्पितळातल्या लाल सलाइनने पहिल्या खेपेला गाठी विरघळल्या. त्याचं श्रेय बाईंनी स्वतः बंद केलेल्या दही-लोणच्याला दिलं. पुढे गाठी परत आल्या, तेव्हा दोष मात्र ताईच्या जिभेचा. चोरून काहीतरी खाल्लं असणार, हे उल्हासनगरच्या त्या अख्ख्या बिल्डिंगला ऐकवून झालं. ताई चोरून पाणीही प्यायली नसती. पण ऐकून ऐकून तिलाच वाटायला लागलं, आपण नकळत काही खाल्लं असेल. मला त्या बाईचा गळा धरावासा वाटायचा.

या खेपेला लाल औषध लागेना. मग जी औषधं तिला आयुष्यात कधी दिलीच नव्हती, तीही लागेनात. डॉक्टरांनी मला आणि भावोजींना समोर बसवून कागदावर चित्र काढलं. पेशीच्या आवरणात आरपार रुतून बसलेलं एक प्रथिन, त्याचे सारखे दोन भाग आणि मध्ये आतल्या बाजूला उघडणारा खळगा. औषध त्या खळग्यात शिरलं की प्रथिन पेशीचंच इंधन जाळून उलटं वळतं आणि औषध बाहेर टाकतं. खळगा चोखंदळ नसतो. एकमेकांशी काही नातं नसलेली औषधंही त्याला चालतात. नेमका आकार अजून कुणी पाहिलेला नाही, हा अंदाज आहे, असंही ते म्हणाले. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, पण माझ्या कुठल्याच पुस्तकात हे नव्हतं. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. ताईच्या खाण्याचा यात काडीचा संबंध नव्हता.

भावोजी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्स ऑफिसर. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "म्हणजे पंपच आहे. जॅम करायचा," ते म्हणाले. बायको मरणाच्या दारात, आणि या गृहस्थांना आपल्या लाइनीतलं काही सापडल्याचा आनंद.

जॅम करायला डॉक्टरांकडे एकच गोष्ट होती, हृदयाच्या पेशंटना देतात ती जुनी गोळी. ती त्याच खळग्यात अडकून बसते आणि औषध पेशीत टिकतं, निदान प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत तरी. पण पंप अडवायला जेवढी गोळी लागते, तेवढी माणसाच्या हृदयाला झेपत नाही. ताई न्हाणीघरात कोसळली. नाडी इतकी मंदावली की डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि आता आपल्याकडे दुसरं काही नाही, हे सरळ सांगून टाकलं.

निदान पथ्याचा विषय तरी संपला, असं मी धरून चालले होते. तो संपला, हे खरं. पुढच्या रविवारी गेले तर ताई आतल्या खोलीत पडलेली, आणि बाहेर सासूबाई शेजारच्या सिंधी भाभींना समजावत होत्या, "उसकी बॉडी ही दवा बाहर फेकती है, भाभी. डॉक्टरने चित्र निकालके दिखाया. हमारी तरफ से तो कुछ कम नहीं पडा." भावोजींनी घरी सगळं नीट शिकवलं होतं. बाईंचा एकही शब्द चुकीचा नव्हता. भाभी हळहळल्या, तेही सासूबाईंसाठी.

मी ताईजवळून तावातावाने उठले. ताईने माझं मनगट धरलं आणि भांडू नकोस म्हणाली. मग चल, म्हटलं, आत्ताच्या आत्ता रिक्षा आणते, कुळगावला आईकडे चल. तिने डोळे मिटूनच मान हलवली.

"तिथे मेले तर म्हणतील, माहेरच्यांनी हाल केले. खापर आईवर फुटेल. इथे मेले तर निदान माझ्यावरच राहील गं."

अगदी तसंच झालं असतं, हे मलाही कळत होतं. त्या घरातल्या प्रत्येकाचा मला राग होता. त्या दुपारी पहिल्यांदा तिचाही आला.