उपरण्याखाली ठरलेले तीन दिवस

आमच्या गावच्या मैदानाला आता लोक स्टेडियम म्हणतात. मी मैदानच म्हणतो, आणि तेही कामापुरतं, कारण त्याचं नाव निघालं की माझं डोकं तापतं. घरच्यांना हे माहीत आहे. ते माझ्यासमोर तो विषय काढत नाहीत.

निजामाचं राज्य होतं आणि तिकडं जर्मनशी लढाई चालू होती, त्या काळात हे मैदान नव्यानं बांधलं. त्याआधी बैलबाजाराच्या मागं ती नुसती एक खोलगट जागा होती. मधोमध कुस्तीचा हौद आणि चहूबाजूंनी उतार. ज्याला जिथं जागा मिळेल तिथं तो बसायचा. जत्रेला पाथरीहून, परभणीहून शौकीन यायचे आणि उतार माणसांनी भरून जायचा.

आमच्याकडची जमीन काळी. काळ्या मातीत कुस्ती धरता येत नाही. ओली असली की अंगाला चिकटते, वाळली की ढेकळं पाठीत रुततात. हौदासाठी तांबडी माती लागते आणि ती राणीसावरगावच्या डोंगराकडून आणावी लागायची. मी त्याच गावचा. मेंढरांमागं फिरत वाढलो, मग इथं तालुक्याला येऊन बैलांच्या दलालीत शिरलो. मला कोणी हात धरून शिकवलं नाही आणि कोणी शिफारस केली नाही. बैलाचा दात आणि माणसाचा डोळा बघून जे कळलं त्यावर मी उभा राहिलो. चार गाड्या माझ्या झाल्यावर दरसाल हौदाची माती मीच आणू लागलो. मग घराघरांतून ताक यायचं, तेल यायचं, हळद यायची, आणि पोरं ती माती तुडवून मऊ करायची. गावातलं एकही घर असं नव्हतं की ज्याचं काही ना काही त्या हौदात पडलं नव्हतं.

सरकारनं बांधकाम काढलं तेव्हा आम्हीच सगळ्यांत जास्त खूश होतो. दगडी पायऱ्या आल्या, भिंत आली, फाटक आलं, साहेब लोकांना बसायला पत्र्याची शेड आली. दोन उन्हाळे काम चाललं. संपलं तेव्हा मी आत गेलो, तर हौद नव्हता. सगळं तळहातासारखं सपाट. मुकादमाला विचारलं, माती कुठं गेली. त्यानं भिंतीकडं बोट केलं. आमची ताक पिऊन मुरलेली माती त्यानं भिंतीच्या भरावात घातली होती. मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गावात फुटबॉलचा क्लब निघाला होता. शाळेतली मोठी पोरं, कचेरीतले कारकून, स्टेशनातले बाबू असे त्याचे शौकीन. त्यांचा पुढारी एक तरुण वकील होता. हैदराबादेत शिकून आलेला, बोलायला गोड. मैदान सपाट झालं ते त्याच्याच सांगण्यावरून, असं सगळे म्हणत. आमच्या बाजूला तालमीचे वस्ताद होते. म्हातारे मुसलमान गृहस्थ, जवानीत हैदराबादपर्यंत कुस्त्या मारलेले. गावातल्या निम्म्या माणसांना त्यांनी लहानपणी लंगोट बांधायला शिकवलं होतं, म्हणून त्यांच्यापुढं कोणी आवाज चढवत नसे.

महिनाभर चहाच्या हॉटेलात दुसरा विषय नव्हता. अडतीवरचा मापाडी आमच्यातला सगळ्यांत तिखट. तो कारकुनांना म्हणायचा, "बावीस जण एका चेंडूमागं पळायलेत, अन् त्याला तुमी खेळ म्हणायलाव? आमच्या गल्लीत हाडकामागं कुत्रे पळतात, त्याला बी पायऱ्या बांधा मग."

एक कारकून म्हणाला, "तुमच्या कुस्तीत दोघं लोळतात आणि बाकीचे शेंगा खातात."

"शेंगा खायला बी अक्कल लागती बाबा. कुठं थांबून बघावं ते कळावं लागतं."

एक शिंपी होता. बिचारा दोन्हीकडं जायचा. तो म्हणाला, "दोनी होऊ द्या की. जागा लय हाय." त्यावर दोन्ही बाजू त्याच्यावरच तुटून पडल्या. त्यानं चहा अर्धा टाकला आणि उठून गेला. खरं तर शहाणं बोलला तो एकटाच.

शेवटी तहसीलदारांनी दोन्ही बाजूंना मैदानावर बोलावलं आणि उर्दूत बजावलं, आज संध्याकाळपर्यंत आपसात मिटवा, नाहीतर मैदान शाळेला देऊन टाकतो आणि फाटकाला कुलूप लावतो. एवढं सांगून ते गेले. वस्तादांनी सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "सौदा तू कर बेटा. आमच्यात तुझ्यासारखा कोणी न्हाई."

हौद मधोमध नको, पूर्वेच्या कोपऱ्यात करा, एवढं उघडउघड ठरलं. खरी घासाघीस दिवसांची होती. हप्त्यातले किती दिवस कुस्तीचे आणि किती फुटबॉलचे. मी चार म्हणालो की आमचे पायऱ्यांवरून ओरडायचे, चाराच्या खाली उतरू नको. वकील एक म्हणाला की त्याची पोरं ओरडायची, एक बी देऊ नका. एवढ्या माणसांसमोर कोण खाली येणार? आला तर त्याच्याच माणसांनी त्याला फाडून खाल्लं असतं. दुपार कलली तरी चार आणि एक तिथंच होते.

बैलबाजारात अशा वेळेला काय करतात ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. मी उपरणं काढलं, वकिलाच्या हातावर टाकलं आणि खालून त्याचा हात धरला. बाजारात आकडा तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरतात. बघणाऱ्यांना फक्त तोंडं दिसतात, म्हणून मागं यायला कोणाला लाज वाटत नाही. पटलं की हात दाबायचा. दाबला की सौदा झाला. मग आकडा कोणी सांगायचा? देणाऱ्यानं, म्हणजे इथं वकिलानं. दलालानं आधी तोंड उघडायचं नाही. जो उघडतो त्याच्या हातात पुन्हा कोणी हात देत नाही. वकिलाला हे नवीन नव्हतं. त्याच्या वडिलांची बैलजोडी मीच विकून दिली होती, आणि तेव्हा तो शेजारी उभा राहून हसत होता.

मी त्याची चार बोटं धरली. त्यानं दोन सोडवून घेतली. मी त्यातलं एक परत धरलं. त्यानं ओढलं, मी सोडलं नाही. मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हात दाबला. तीन.

मी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. मापाडी धावत आला. "किती, किती?"

"देणारा सांगंल," मी म्हणालो.

देणारा तहसीलदारांकडं गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवंडी ऐकून मी दातण हातात घेऊनच रस्त्यावर आलो. मैदान रोज फुटबॉलला. कुस्ती फक्त जत्रेच्या दिवशी, आणि तेवढ्यापुरती टाकलेली माती दुसऱ्या दिवशी उचलायची.

मी तसाच कोर्टाच्या ओसरीवर गेलो. वकील पक्षकारांना घेऊन बसला होता. मी म्हणालो, "वकीलसाहेब, तीन ठरले होते."

"कुठं ठरले? मी बोललो का? कोणी ऐकलं?"

"तुमी हात दाबला होता."

"हात तर मी रोज दहा जणांचा दाबतो," तो म्हणाला आणि पक्षकार हसले.

त्या दिवशी मी त्याला मारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पण तो परका होता. त्याच्याकडून मी दुसरी अपेक्षा तरी काय करणार? माझं रक्त जळतं ते त्यानंतर तालमीत जे झालं त्यानं.

तालमीत सगळे जमले होते. वस्तादांनी विचारलं, "किती ठरले होते?"

"तीन."

"मग त्याच वक्ताला का न्हाई बोलला?"

"वस्ताद, देणारा बोलत असतो. तुमाला बाजार ठाऊक न्हाई का?"

वस्तादांच्या आधी मापाडी बोलला. "आता तीन म्हणायला काय जायलंय? कापडाखाली काय झालं ते तुला अन् देवाला ठाऊक. भिंतीमागची बैलं बांधायची जागा तुला मिळणार म्हणं. वकील देतो म्हणला असंल."

मी त्याची गचांडी धरली. चौघांनी मला सोडवलं. ज्यांनी सोडवलं त्यांच्यातल्या एकानंही असं म्हटलं नाही की हा माणूस असं करणार नाही. ज्या जागेचं तो बोलत होता तिथं माझी बैलं मैदान बांधायच्या आधीपासून उभी राहत होती. आणि वस्ताद, ज्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला पुढं घातलं होतं, ते खाली मातीकडं बघत राहिले.

मी त्या दिवसापासून तालमीत पाय ठेवला नाही. पण मैदान सोडलं नाही.

काळी जमीन पावसाळ्यानंतर फाटते. फुटबॉलवाल्यांना ती पाणी मारून दगडी रुळानं दाबावी लागायची, आणि रूळ ओढायला बैल लागतात. दिवाळीनंतर परभणीची टीम येणार होती, मोठे साहेब बघायला येणार होते, आणि मैदानात पाय जाईल एवढाल्या भेगा. मी गाडीवाल्यांना भेटलो. गावातल्या बहुतेक बैलजोड्या माझ्याच हातून घेतलेल्या होत्या. वकिलाचा माणूस ज्याच्या दारात जाई तिथं एकाचा बैल लंगडत असे, दुसऱ्याची गाडी कापूस घेऊन परभणीला गेलेली असे, तिसऱ्याच्या बैलाला आदल्या रात्रीच खांदा आलेला असे. दुखण्यांची अशी साथ आमच्या तालुक्यात पूर्वी कधी आली नव्हती.

बाजाराच्या दिवशी वकील स्वतः आला. भर बैलबाजारात, बुटाला शेण लागू नये म्हणून जपून पाय टाकत. जवळ येऊन त्यानं खिशातून रुमाल काढला आणि माझ्या हातावर घालायला लागला.

मी तो रुमाल उचलून त्याच्या खांद्यावर ठेवला. "आता उघड बोलायचं, साहेब. तोंडानं. सगळ्यांनी ऐकलं पाहिजे."

बाजार थांबला. गिऱ्हाइकं बैलांच्या तोंडातले हात काढून आमच्याकडं बघायला लागली. तालमीतलेही आले, मापाडी आला, वस्ताद आले.

"तीन दिवस," मी म्हणालो.

"एक," तो म्हणाला.

"मग रुळाला कारकून जुंपा."

लोक हसले. वकील लाल झाला. तो म्हणाला, "दोन. याच्या पुढं मी जाणार नाही, मग सामना होवो न होवो."

तो गेला असता पुढं. त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. अजून थोडा वेळ गप्प बसलो असतो तर तीन त्याच्या तोंडातून पडले असते. बैल विकणारा कधी मोडतो ते मला त्याच्या बायकोपेक्षा आधी कळतं, माझा धंदाच तो आहे. मी गप्प बसलो होतो. तेवढ्यात मागून वस्तादांचा आवाज आला, "घे बेटा. दोन घे."

त्यांच्यामागं सगळे ओरडले, घे, घे. वकिलानं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा बदलला. सौदा तिथंच संपला. माझ्या माणसांनी तो माझ्या हातातून काढून घेऊन संपवला.

दोन दिवस मिळाले. तहसीलदारांनी नवी दवंडी दिली. कोपऱ्यात हौद खणला, आणि त्याची माती माझ्याच गाड्यांतून आली. मी आणून टाकली, कारण दुसऱ्या कोणी आणलेली माती त्या हौदात मला चालली नसती. घराघरांतून ताक आलं. आणि हॉटेलात मापाडी काय म्हणत होता? "बघा, उघड बोलल्यावर दोनावर आला. आधी तीन कुठले असतील?" जे दोनाला घे घे म्हणून ओरडले होते, तेच माना डोलवत होते.

पहिल्या कुस्त्यांच्या दिवशी पायऱ्या भरल्या होत्या. मी फाटकाबाहेर माझ्या गाडीवर बसलो होतो. आतून एक जण बोलवायला आला, हौदावर पहिला नारळ तुमी फोडायचा. मी म्हणालो, "वस्तादांना सांग, आधी सगळ्यांपुढं म्हणा, तीन ठरले होते. मग येतो."

थोड्या वेळानं वस्ताद स्वतः आले. अंगावर नुसती लुंगी, हाताला तांबडी माती. गाडीच्या चाकाला हात लावून उभे राहिले. मग माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "तीनच ठरले होते. मला ठाऊक हाय."

"कानात नको, वस्ताद. पायऱ्यांवर ऐकू जाऊ द्या."

त्यांनी फाटकातून आत बघितलं. पायऱ्यांवर मापाडी होता, शिंपी होता, कारकूनसुद्धा होते, शेडमध्ये साहेब लोकांशेजारी वकील बसला होता. वस्तादांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. मग चाकावरचा हात काढला, लुंगीला पुसला आणि तसेच आत गेले. नारळ त्यांनीच फोडला. आवाज मला बाहेर ऐकू आला.

मी बैल जुंपले आणि गाडी वळवली.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, वकीलही गाव सोडून गेला. वस्ताद वारले तेव्हा मी मातीला गेलो आणि सगळ्यांबरोबर खांदा दिला. पण माझ्या मनातून ते गेलं नाही आणि मी ते घालवलंही नाही. गावात अजून म्हणतात, मैदान याच्यामुळं वाचलं. मला तसलं कौतुक नको आहे. तीन ठरले होते, एवढं एकानं चारचौघांत म्हटलं असतं तरी पुरे होतं. वस्ताद जिवंत असताना कोणी म्हटलं नाही, आणि आता कोणी म्हटलं तरी ज्यांनी ऐकायला हवं होतं तेच उरलेले नाहीत.