सोमवारची अज्वा

अज्वा तिवा हिला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल, तर स्वतःच्या नावाची. अर्थात तिला चीड येते हेच मुळात कुणाला मान्य नव्हतं. घानातल्या अशांती जमातीच्या घरात मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला आपोआप चिकटतं, आणि नावाबरोबर स्वभावही. सोमवारची मुलगी अज्वा. सोमवार शांतीचा. म्हणून अज्वा शांत. विषय संपला.

शाळेत कुणी तिची पाटी फोडली तर बाई म्हणायच्या, "जाऊ दे गं, तू सोमवारची ना?" नवऱ्याने कुमासी शहरात दुसरा संसार थाटला, तेव्हा सगळा गोतावळा रडायला जमला, आणि जिने रडायचं तिलाच चार बायकांनी समजावलं की अज्वा नावाच्या बाईला आदळआपट शोभत नाही. कुणाही सोम्यागोम्याने यावं, तिच्या वाट्याचं उचलावं आणि वर तिच्या समजूतदारपणाचं कौतुक करून जावं. धाकटा भाऊ याव मात्र गुरुवारचा. गुरुवार लढवय्यांचा. त्याने सुपाचा वाडगा भिंतीवर फेकला की आई भिंत पुसता पुसता म्हणायची, "रक्तच गरम आहे पोराचं." अज्वाने तोच वाडगा नुसता जोरात ठेवला असता, तर घरात तापाचं औषध शोधलं गेलं असतं.

घराच्या पुढच्या अंगाला, रस्त्याला लागून, अज्वाची खानावळ होती. पत्र्याची शेड, दोन बाकं, चूल, लाकडी उखळ आणि पुरुषभर उंचीचं मुसळ. उकडलेले कसाव्याचे कंद आणि कच्ची केळी कुटून ती फुफू करायची, बरोबर शेंगदाण्याचं नाहीतर पामफळांचं सूप. शेडचे खांब तिने स्वतः पुरले होते. त्या फुफूवर तिच्या दोन मुली शिकल्या होत्या. आता यावला तिथेच मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान टाकायचं होतं. विचारणं वगैरे त्याच्या वारात बसत नव्हतं. शनिवारी त्याने नवे पत्रे आणले आणि सरळ तिच्या चुलीला टेकवून ठेवले.

रविवारी चर्चनंतर क्वाबेना मामाने शेडमध्येच बैठक बोलावली. अशांतींमध्ये घराणं आईकडून चालतं, म्हणून शेवटचा शब्द मामाचा.

"बघ अज्वा," मामा म्हणाला, "यावला अडवलं तर तो घर डोक्यावर घेईल. तू आपली बाजारामागे बस. तुझ्या हाताला चव आहे, गिऱ्हाईक येईल शोधत."

"मामा, बाजारामागे उघडं गटार आहे."

"त्यावर झाकण बसवणार आहेत."

"कधी?"

"हे असं वाकड्यात शिरणं तुला शोभत नाही. सोमवारची मुलगी तू!"

याव तोवर टेप काढून शेड मोजायलाही लागला होता. "ताई, उखळ मी स्वतः उचलून देईन हं तिकडे. भाऊ आहे शेवटी!"

"उखळाला हात लावलास तर तुझ्याच डोक्यात घालीन!"

अज्वाने पत्र्यांना लाथ घातली. ते असे कोसळले की अंगणातल्या कोंबड्या रस्त्यापार गेल्या. "सोमवार, सोमवार, सोमवार! नवरा गेला, सोमवार! आईचं हगणंमुतणं मरेपर्यंत मी काढलं, तेव्हा कुठे होता तुमचा गुरुवार? लढाईवर गेला होता? खांब मी पुरलेत. मी इथून हलणार नाही. आणि मला राग आलाय, मामा. राग! कळतंय का कुणाला?"

कुणाला कळलं नाही. मामाने तिच्या डोक्यावरून पलीकडे, जमलेल्या मंडळींकडे बघितलं. "हिचा वार नक्की सोमवारच ना? काहीतरी घोळ झालेला दिसतोय."

सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. एक मावशी म्हणाली, मंगळवारची असेल. दुसरी म्हणाली, छे, लक्षणं गुरुवारची आहेत.

"गुरुवारची कशी? गुरुवार माझा आहे," याव म्हणाला.

अज्वाला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. जन्मात पहिल्यांदा ती मनातलं बोलली होती, आणि हे लोक वार शोधत बसले होते.

शेवटी शेजारच्या फ्रेमा आजीला बोलावणं गेलं. गल्लीतली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची, अज्वा आणि यावच्या वेळचीही. आजी काठी टेकत आली आणि बाकावर बसली.

"सोमवारच," ती म्हणाली. "ऐन दुपारी. बाहेर आली ती अशी बोंबलत आली, की बाजारातली माणसं धावत आली काय झालं बघायला. आणि हा," तिने काठी यावकडे केली, "हा तुमचा लढवय्या. याला उलटा धरून पाठीत चापट्या मारल्या, तेव्हा कुठे एकदा कुंई केलं."

"मग ही शांत कधी झाली?" मामाने विचारलं.

"शांत कुठे झाली? तुम्ही ऐकायचं बंद केलंत."

मामाने पडलेल्या पत्र्यांकडे बोट केलं. मग म्हणाला, "याव, उचल ते."

"पण मामा..."

"लढवय्या आहेस ना? जा, बाजारामागे लढ. गटारावर झाकण बसणारच आहे."

दुसऱ्या दिवशी सोमवार. कुमासीचा एक ट्रकवाला नेहमीच्या बाकावर टेकला.

"काय अज्वाबाई, काल फार आरडाओरडा केलात म्हणे? तुम्ही तर सोमवारच्या!"

"सोमवारचीच," अज्वा म्हणाली. "जन्मल्यापासून ओरडतेय. सूप कुठलं देऊ?"