बांबूला हात न लावता

“पान्याले कायले मारून राहिला बे? त्यानं तुयं का बिघडवलं?”

तळ्यात हातपाय आपटणाऱ्या प्रत्येक पोराला दादाचा हा पहिला प्रश्न. पोरगं लाजून हात हळू टाकू लागलं की कमरेभर पाण्यात उभा राहून म्हणायचा, “हां, आता पानी तुले वाट देईन.” तो धीवर. गोंदियाहून नागऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं तळं म्हणजे त्याचं घरच. मी गोंदियाच्या एका शाळेत ड्रिल मास्तर, आणि खरं सांगतो, मला पोहता येत नव्हतं. नागपूरच्या शालेय शर्यतींसाठी पोरं तयार करायची म्हणून मी त्याच्याकडे गेलो.

हेडमास्तरांनी नाक मुरडलं. “मासे धरणारा शिकवणार?” मग म्हणाले, एक तरी बिल्ला आणा, पुढल्या वर्षीपासून पोहण्याचा वर्ग त्याच्या हाती देऊ. हे दादाला सांगितलं तेव्हा त्यानं डोक्याचं लाल फडकं सोडून पुन्हा नीट बांधलं. “म्हंजे मीबी मास्तर?” असं विचारून कितीतरी वेळ एकटाच हसत बसला.

तळ्याच्या पलीकडच्या टोकाला पाण्यात एक बांबू रोवलेला होता. त्याला दादाचं जाळं ताणलेलं. पोरांनी तिथवर जायचं, बांबूला वळसा घालून परत यायचं. पण बांबूला बोटही लागता कामा नये. “हालला तं मच्छी पळाली समजा.”

तुम्ही ते वळण पाहायला हवं होतं! आमचा सातवीतला एक चपळ पोरगा वीतभर अंतरावरून असा फिरायचा की जाळ्याची दोरीसुद्धा हलत नसे. दादा काठावरून ओरडायचा, “पाहा मास्तर, हालला का?”

शर्यतींचे नियम इंग्रजीतून आले होते. मी वाचले होते. टोकाच्या भिंतीला हात न लावता परतेल तो बाद. सांगायला म्हणून तळ्यावर गेलो, तर नेमकं तेच वळण चाललेलं आणि दादाचा चेहरा असा फुललेला, की माझी जीभच रेटेना. म्हटलं, उद्या सांगू. उद्या कवायतीच्या गडबडीत गेला, परवा गाडीत बसलो. विसरलो हो, साफ विसरलो.

नागपूरला आमचा पोरगा सगळ्यांच्या आधी भिंतीशी पोचला, वीतभर अलीकडून सुरेख वळला आणि पहिला आला. दादानं फडकं हवेत उडवलं. ते पुन्हा डोक्याला बांधेपर्यंत पंचांनी पोराला बाद केलं होतं.

परतीच्या गाडीत पोरगा रडून रडून झोपला. दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, “माह्या बांबूनं पोराले बुडवलं, मास्तर. मले का मालूम, भिंतीले हात लावा लागते म्हनून?”

नियमांचा तो कागद माझ्या कोटाच्या खिशात होता. मी म्हणालो, “असू दे दादा, होतं असं.” एवढंच. आजही त्या वाक्याची लाज वाटते.

वर्ग अर्थातच बारगळला. मी नागऱ्याची वाट टाळू लागलो. बाजारात दादा भेटला की विचारायचा, “पोरं काऊन नाही आनत, मास्तर?” “आणतो की, पुढल्या आठवड्यात,” मी म्हणायचो आणि सटकायचो. असं वर्ष गेलं. मग एकदा कळलं, की दादा तापानं गेला.

तेव्हा कुठे मी तळ्यावर गेलो. पलीकडच्या टोकाला आता एकाऐवजी चार बांबू होते, आणि त्यांना पाण्यात उतरवलेला रुंद तट्टा घट्ट बांधलेला, थेट भिंतीसारखा. जाळं तिथून केव्हाच काढलेलं. तट्ट्याच्या वरच्या कडेला त्याचं लाल फडकं गुंडाळलेलं होतं.

“पोराईच्या हाताले काडी लागू नये म्हनत,” त्याची बायको म्हणाली. “रोज सकाळी जाऊन पाहत. मास्तर पोरं आनतीन, आता हात लावाले शिकवतो म्हनत.”

त्या तट्ट्याला एकदा तरी हात लावावा, असं फार वाटलं. पण मी काठावरच उभा राहिलो. मला पोहता येत नव्हतं.