उन्हात ठेवलेलं निवडुंगाचं तेल

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं, आणि त्यातला थोडा राग स्वतःवरचा आहे.

मी तेव्हा नागपुरात ठाणेदार होतो. डिसेंबरात शिवणकाम करणारी एक बाई फिर्याद घेऊन आली. कुकरच्या वाफेनं तिचा उजवा हात भाजला होता. एका विक्रेत्यानं तिला निवडुंगाच्या बियांचं महागडं तेल दिलं आणि दवाखान्याचं मलम बंद करायला लावलं. जखम चिघळली, बोटं आखडली. शिलाई मशीनवर पोट असलेल्या बाईची बोटं! तिनं आणलेली बाटली सकाळच्या गारठ्यात गोठली होती. मी शिपायाला म्हटलं, "उन्हात ठेव." आमच्या घरीही हिवाळ्यात तेलाची बाटली उन्हातच असते.

खबऱ्यानं विक्रेत्याचं इतवारीतलं गोदाम दाखवलं. छापा टाकला, पंचांसमोर बाटल्या जप्त केल्या, नमुना प्रयोगशाळेत धाडला. विक्रेता चौकशीत जराही डगमगेना. पत्रकावरचं घडाघडा म्हणून दाखवायचा.

"शुद्ध माल आहे साहेब. अर्ध्याहून जास्त लिनोलिक आम्ल, वरून ई जीवनसत्त्व. काहून गरिबाले त्रास देऊन राहिले?"

गरीब म्हणे! हातात अंगठ्या मावत नव्हत्या.

अहवालाला वेळ होता. मी प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञांना फोन करून हे आम्ल म्हणजे काय ते विचारलं. ते म्हणाले, "ते इतकं असलेलं तेल आपल्या थंडीत पातळच राहतं. गोठतं ते खोबरेल."

मी चपापलो. बाईंना बोलावून विचारलं, "घरीही गोठायचं का हे?"

"हो न साहेब, रोज उन्हात ठेवा लागे. मले वाटलं, तेल आहे तर गोठणारच."

दुसऱ्या दिवशी सकाळीच विक्रेत्याला मुद्देमालाच्या खोलीत नेलं. सीलबंद काचेच्या बाटल्यांत हिरवट गोळे बसले होते.

"म्हण आता तुझं पत्रक," मी ओरडलो.

त्यानं मान खाली घातली. "खोबरेलच आहे साहेब. रंग अन् अत्तर टाकलं."

अहवालातही तेच आलं. पुरावा पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर होता आणि मीच तो उन्हात वितळवला. रोजच्या सवयीतली गोष्ट आपण पाहतच नाही, हे मी तेव्हा शिकलो. पण खोबरेलानं कुणाचा हात जात नाही. हात गेला तो मलम बंद करायला लावल्यामुळे, आणि ते त्यानं बाईंना हसत हसत सांगितलं होतं.

बाई पुरवणी जबाबावर सही करायला आल्या. पेन धरता येईना. चांगलं लिहिता येणाऱ्या त्या बाईंनी डाव्या हाताचा अंगठा उठवला.

"तो आत गेला, बरं झालं साहेब," त्या म्हणाल्या. "पण माह्या बोटाईचं काय?"