आधी टकटक, मग भिंग

मायक्रोस्कोपला डोळा लावण्याआधी काका टेबलावर बोटाने दोनदा टकटक करायचे. "सांगून जावं," म्हणायचे, "आत जीव हायत."

शांती नगरच्या आमच्या लॅबमध्ये सगळे त्यांना काकाच म्हणत; वीर्य तपासायचं काम त्यांचं आणि काउंटरवर मी. मूल होत नाही म्हणून आलेले पुरुष कसे चालतात, तुम्हीही पाहिलं असेल. आलेला माणूस मान खाली घालून डबी ठेवायचा. लाज राहावी म्हणून डबीवर नाव नसायचं, नुसता नंबर. काका काचपट्टी बघून विचारायचे, "तीन महिन्यांमागं ताप आलता का?" समोरचा दचकायचा, कारण आलेला असायचा.

"यात जादू न्हाय," ते मला सांगत. "हे शुक्राणू आजचे न्हाईत. तयार व्हायला अडीच महिने, मग पोहायला शिकायला पंधरा दिवस. आम्हा कोळ्यांची पोरं लवकर शिकतात."

मी नवीनच लागलो होतो. त्याआधी सहा वर्षं भाईंदरला स्टीलच्या कारखान्यात भट्टीसमोर काढली होती. ते लॅबमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी आई मूल नाही म्हणून बायकोलाच बोल लावायची, तिला माहेरी पाठवायचं ठरवत होती आणि मी गप्प होतो. एक दिवस मी माझीच डबी खोट्या नंबराने इतर डब्यांत सरकवली. काउंटरवर बसलो खरा, पण चोराच्या मनात चांदणं.

आतून टकटक ऐकू आली. मग बराच वेळ काही नाही. काका बाहेर येऊन थेट माझ्यापाशी थांबले.

"हे भट्टीतले हायत, उष्णतेनं पोळलेले. बायकोचा दोष न्हाय, घरी सांग."

मी समोरचं रजिस्टर मिटलं. काका पुढे म्हणाले,

"आज जे बनायला लागलेत ते बरे हायत. तीन महिन्यांनी बघ. मी न्हाय बघणार."

त्या संध्याकाळी मी आईला खरं सांगितलं. बायकोची भरलेली बॅग पुन्हा कपाटात गेली. आठवड्याच्या आत काका झोपेतच वारले. मी खूप रडलो.

तीन महिन्यांनी पुन्हा डबी दिली. काकांच्या जागी आलेली नवीन मुलगी तशीच डोळा लावायला निघाली, म्हणून टकटक मी केली. "भरपूर आहेत," ती म्हणाली, "छान पोहतायत."

आता बायकोला सातवा महिना आहे. बाळ हललं की ती माझा हात पोटावर ठेवते. आतून दोनदा लागतं. मग सगळं शांत होतं.