काकांचा पीपी नंबर

आमच्या घरी फोन नव्हता. डोंबिवलीत आमच्या अर्ध्या बिल्डिंगचा नंबर एकच, वरच्या मजल्यावरच्या काकांचा. नोकरीच्या अर्जातसुद्धा तोच द्यायचा आणि पुढे ‘पीपी’ लिहायचं, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा. फोन आला की काका गॅलरीतून हाक मारायचे.

नव्वदीच्या अखेरीस काकांनी अमेरिकेतल्या मुलाशी ईमेलवर बोलता यावं म्हणून कॉम्प्युटर आणि इंटरनेट घेतलं. त्यांच्या ईमेल मीच टाइप करून द्यायचो.

मी स्टेशनपलीकडच्या एका केमिकल कंपनीत होतो. तिथल्या रिअ‍ॅक्टरचा एक व्हॉल्व्ह गळत होता. सांगून सांगून तोंड दुखलं, कोणी ढुंकून बघेना. मग मला नाव लपवणारी एक वेबसाइट सापडली. काकांच्या कॉम्प्युटरवरून तिच्यातून थेट मालकाला ईमेल ठोकली: ‘व्हॉल्व्ह बदला, नाहीतर स्फोट होईल.’ स्वतःवर भलताच खूश होतो मी.

मालकाने ती धमकी ठरवली. पंधरा दिवसांनी साध्या कपड्यांतले दोन पोलीस काकांकडे आले, तेव्हा मी तिथेच चहा पीत बसलेलो.

“वेबसाइटवाले नाव सांगत नाहीत,” ईमेलचा कागद काकांपुढे ठेवत एक जण म्हणाला. “पण त्या वेळी त्या वेबसाइटवर कोण गेलेलं, ते इंटरनेट कंपनीकडे नोंदलेलं असतं. कनेक्शन तुमचं, फोनपण तुमचाच.”

एवढं साधं मला सुचलं नव्हतं. दुसरा पोलीस दारात उभा होता, खिडकीला ग्रिल. बोललो तर नोकरी जाणार, आणि बहिणीचं लग्न महिन्यावर आलेलं. कप हातात तसाच गार झाला.

काकांनी कागद सावकाश वाचला. माझ्याकडे बघितलंही नाही.

“मीच पाठवली,” ते म्हणाले. “स्फोट होईल म्हटलंय. करीन असं कुठे म्हटलंय?”

त्यांना चौकीवर नेलं आणि संध्याकाळी ताकीद देऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी मी मुकाट कामावर गेलो. स्वतःची किळस वाटत होती, तरी डबा खाल्ला.

चारेक दिवसांनी गॅलरीतून हाक आली, “अरे, तुझा फोन! कंपनीतून आहे.”

अर्ध्या जिन्यातच थांबून म्हणालो, “काका, घरी नाही म्हणून सांगा ना.”

ते कठड्यावरून वाकले. आवाज अजिबात चढवला नाही.

“तेही मीच सांगू?”