तीनदा पुकारलेलं नाव

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो – पण कोर्ट अमरावतीचं की अकोल्याचं, ते विचारू नका. मी तिथे शिपाई होतो. दाराबाहेर उभं राहून नावं पुकारायचो.

अत्याचाराच्या खटल्यात तक्रार करणाऱ्या बाईचं नाव पुकारत नाहीत. तिला गुपचूप आत न्यायचं, दार लावायचं. आरोपीचं मात्र दर तारखेला, खणखणीत आवाजात, तीनदा.

त्या खटल्यातले आरोपी माझ्या मुलाचे गणिताचे सर होते. तक्रार त्यांच्या शिकवणीत नोकरी करणाऱ्या मुलीची. दोन वर्षं मी सरांचं नाव पुकारलं, आणि ते मान खाली घालून आत जायचे. माझा जीव तुटायचा. यांची अब्रू चव्हाट्यावर, मग हिचीच झाकलेली का? खरी असेल तर लपते कशाला?

तिच्या साक्षीच्या दिवशी तिची आई सोबत होती. व्हरांड्यात त्यांच्याच गावचे दोघं जमिनीच्या दाव्यासाठी बसलेले – त्यांना पाहून आई घाबरली. मीच म्हणालो, "घाबरू नका मावशी. इथं नाव कोनी घेत नाई."

आणि मग... दारात उभा राहिलो आणि तिचं नाव पुकारलं. बापाच्या नावासकट, गावासकट.

जजसाहेब आतून ओरडले. मी म्हणालो, सवयीनं निघालं तोंडातून. सगळ्यांना पटलं. पण सवयीनं एकदा निघतं – तीनदा?

गावचे दोघं उठून बघायला लागले. मुलगी आत गेली आणि म्हणाली, मला काही आठवत नाही. जाताना आई माझ्यापाशी थांबली. "तुमीच सांगतलं होतं ना भाऊ, नाव कोनी घेत नाई मनून?" मी रजिस्टर उघडून बघत राहिलो.

सर सुटले. पेढे घेऊन आले, मी एक खाल्लाही. तेव्हा त्यांनी माझा हात धरला, जरा जास्तच दाबला. का दाबला? निर्दोष माणूस शिपायाचा हात असा दाबतो? नाव पुकारलं तेव्हा माझा संशय तिच्यावर होता, आता सरांवर आहे. खरं काय ते तीच सांगणार होती, आणि तिचं तोंड मी बंद केलं. चुकून नाही, ठरवून.

तिचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. त्या दिवशी ते जिन्याखालच्या चहावाल्यापर्यंत ऐकू गेलं होतं.